परतीची तार

लोकलच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून वर पाहिलं की प्रत्येक मार्गावर गाडीला वीज देणारी तांब्याची तार एकच दिसते. गाडीचा पेंटोग्राफ तिला खालून घासत जातो. घरातल्या मिक्सरच्या प्लगला मात्र कमीत कमी दोन पिना लागतातच. मग बारा डब्यांची गाडी, हजारो माणसं घेऊन, एका तारेवर धावते कशी?

ती एका तारेवर धावतच नाही. दुसरी तार चाकांखाली असते. पेंटोग्राफमधून आत शिरलेला करंट गाडीतल्या यंत्रणेतून फिरतो, चाकांतून रुळांत उतरतो आणि रुळांवाटे, काही ठिकाणी त्यासाठीच ओढलेल्या वेगळ्या तारेवाटे, रेल्वेच्या सबस्टेशनला परत जातो. मुंबईत १९०७ साली विजेवरची ट्राम सुरू झाली, तेव्हाही रचना हीच होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला विजेवरची पहिली लोकल गेली तीही अशीच, डोक्यावर १५०० व्होल्ट डीसीची तार आणि परतीला रूळ.

वीज घरात येते आणि वापरून संपते, असं बहुतेकांच्या मनातलं चित्र असतं. परतीच्या तारेचा त्यात पत्ताच नसतो. खरं तर फ्यूज, अर्थिंग, शॉक, जळालेला फ्रीज, ट्रिप होणारं बोर्ड अशा घरातल्या विजेच्या जवळजवळ प्रत्येक भानगडीचं उत्तर एका प्रश्नात सापडतं, आणि तो प्रश्न म्हणजे करंट परत कुठून जातोय?

सायकलची चेन डोळ्यांसमोर आणा. पायडल मारलं की चेनच्या सगळ्या कड्या एकाच वेळी सरकतात. मागचं चाक फिरायला पुढची कडी मागे पोचण्याची वाट पाहावी लागत नाही. चेन खर्च होत नाही, खर्च होते ती पायांतली ताकद. आणि चेन कुठेही एका जागी तुटली की सगळंच थांबतं, मग ती वरच्या बाजूला तुटो की खालच्या. विजेचं सर्किट म्हणजे अशी बंद फेरी. तिच्यात सरकतात ते तांब्यातले इलेक्ट्रॉन, आणि ते किती हळू सरकतात हे ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. वायरमन जिला ‘दीडची वायर’ म्हणतात तिचा छेद दीड चौरस मिलिमीटर असतो. तिच्यातून बॅटरीसारखा एकाच दिशेचा ५ अँपिअर करंट सोडला, तर इलेक्ट्रॉन सेकंदाला साधारण पाव मिलिमीटर पुढे जातात. एक मीटर जायला तासाभराहून जास्त वेळ. घरातली वीज तर एसी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होणारी. तिच्यात बिचारे इलेक्ट्रॉन जागच्या जागी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे हलतात आणि परत येतात. तरी बटण दाबताच दिवा लागतो, कारण ‘हला’ हा निरोप तारेतून सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने पसरतो.

म्हणजे वीज कंपनी आपल्याला इलेक्ट्रॉन विकत नाही. वायर आणली तेव्हाच ते तांब्यासोबत घरात आले. कंपनी विकते ती ऊर्जा. बिलावरचं एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण तासभर चालवायला लागणारी ऊर्जा, ३६ लाख ज्यूल. करंट मात्र जेवढा गेला तेवढाच परत येतो, ना कमी ना जास्त. हा नियम गुस्टाव्ह किर्खोफ यांनी १८४५ साली मांडला, तेव्हा ते विद्यार्थी होते, वय २१.

करंट म्हणजे तारेच्या एका ठिकाणाहून दर सेकंदाला किती प्रभार गेला याचं माप, आणि ते मोजायचं अँपिअरमध्ये. हे समजायला सोपं आहे. गोंधळ होतो तो व्होल्टेजपाशी, कारण व्होल्टेज कधीही एका जागेचं नसतं, ते दोन जागांमधलं असतं. म्हणून तर शाळेच्या पुस्तकात त्याला विभवांतर म्हणतात. कावळा ११ हजार व्होल्टच्या तारेवर निवांत बसतो, कारण त्याचे दोन्ही पाय त्याच एका तारेवर असतात आणि दोन पायांमध्ये व्होल्टेज जवळपास शून्य. तोच कावळा पंख पसरताना शेजारच्या तारेला किंवा लोखंडी खांबाला टेकला की संपला. लोकलच्या रुळांतून शेकडो अँपिअर वाहत असतात, तरी फाटकात रूळ ओलांडणाऱ्याला काही होत नाही, कारण रूळ आणि जमीन यांच्यात व्होल्टेज फारसं नसतं. उलट टपावर चढलेल्या माणसाने तारेला हात लावायचीही गरज नसते. आता मुंबईच्या लोकलच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात आणि मधली हवा भेदून ठिणगी अंगावर येऊ शकते. म्हणूनच वीज बंद केल्याशिवाय त्या तारेच्या दोन मीटरच्या आत काम करायला रेल्वेचे कर्मचारीही जात नाहीत.

व्होल्टेज आणि करंट यांचं नातं शोधलं ते गेऑर्ग ओम या जर्मन शिक्षकाने. बाप कुलपं बनवणारा, मुलगा कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारा. व्होल्टा यांनी १८०० साली जस्त आणि चांदीच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे ठेवून पहिली बॅटरी केली होती, पण ती वापरता वापरता मंदावायची आणि मोजमापं बिघडायची. ओम यांनी मग दोन धातूंचा जोड घेतला. एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ शिल्लक आहे तोवर तापमानातला फरक पक्का, म्हणजे व्होल्टेजही पक्कं. मला या गोष्टीत नियमाहून ही युक्ती जास्त आवडते. १८२७ साली त्यांचं पुस्तक आलं, मायदेशात त्याचं फार थंड स्वागत झालं, आणि १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिलं. नियम एका ओळीचा आहे. व्होल्टेज भागिले रोध म्हणजे करंट. रोध म्हणजे वाटेतला अडथळा, तो मोजायचा ओममध्ये.

ही ओळ घरात लावून पाहू. आपल्याकडे घरगुती व्होल्टेज २३० असतं. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, तेव्हा वॅटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. ९ वॅटचा एलईडी दिवा जेमतेम ०.०४ अँपिअर घेतो. जुना ६० वॅटचा बल्ब ०.२६, आणि २००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर. त्या गीझरच्या कॉइलचा रोध येतो साधारण साडेसव्वीस ओम, आणि बल्बच्या तारेचा जवळजवळ ८८० ओम. जास्त वॅटचं उपकरण म्हणजे कमी रोधाचं उपकरण. हे उलटं वाटतं, पण पुढच्या सगळ्या गमतीची किल्ली यातच आहे.

घरातली सगळी उपकरणं समांतर जोडलेली असतात. एका बाजूला फेज, म्हणजे वीज आणणारी तार, दुसऱ्या बाजूला न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, आणि दोहोंच्या मधे प्रत्येकाचा स्वतंत्र पूल. त्यामुळे पंखा बंद केला तरी दिवा चालू राहतो आणि प्रत्येकाला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात. पण प्रत्येक नवं बटण दाबलं की मेन वायरमधला करंट वाढतो, आणि वायर तापते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. रेल्वेने १५०० व्होल्ट सोडून २५ हजारांवर जाण्याचा खटाटोप केला तो याचसाठी. मुंबईत हे काम २०१६ साली पुरं झालं. समजा गाडीला २५ लाख वॅट हवेत. १५०० व्होल्टला त्यासाठी सोळाशेहून जास्त अँपिअर लागतील, २५ हजारांना अवघे शंभर.

घरातलं याचं सर्वांत वाईट रूप म्हणजे सैल स्क्रू. गीझरच्या मोठ्या सॉकेटचं एखादं भोक तपकिरी पडलेलं, कडेचं प्लास्टिक वितळून पिन चिकटलेली, हे दृश्य ओळखीचं असेल. आत वायर नीट आवळलेली नसते आणि त्या जोडापाशी, समजा, अर्धा ओम रोध तयार होतो. ३००० वॅटच्या इन्स्टंट गीझरचा १३ अँपिअर करंट त्यातून गेला की तेवढ्याशा जागेत ऐंशीहून जास्त वॅट उष्णता निघते. नखाएवढ्या जागेत एक मोठा बल्ब पेटल्यासारखंच. आणि करंट वाढला की पडणारी एमसीबी गप्प बसते, कारण तिच्या दृष्टीने करंट ठरल्यापेक्षा वाढलेलाच नाही. ‘एमसीबी आहे ना, मग काय घाबरायचं?’ असं म्हणणाऱ्यांना हे सॉकेट दाखवावं.

दुसरी जोडणी एकसर, वायरमनच्या तोंडी ‘सिरीज’. यात पूल वेगवेगळे नसतात. एकच वाट, आणि तिच्यावर सगळे एकामागोमाग. घरात ती सहसा दिसत नाही. गणपतीतल्या जुन्या बल्बांच्या माळेत दिसायची. सहा व्होल्टचे अडतीसेक बल्ब एका ओळीत, एक उडाला की सगळी माळ अंधारात, आणि मग आरास सोडून एकेक बल्ब हलवून बघत बसणं. पण सिरीजचा खरा उस्ताद भेटतो तो इस्त्री-मिक्सर दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर. लाकडी पाटीवर एक बल्बहोल्डर आणि एक सॉकेट, दोन्ही एकामागोमाग जोडलेले. याला ‘सिरीज बोर्ड’ म्हणतात. होल्डरमध्ये २०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब. दुरुस्तीला आलेली वस्तू थेट मेनवर कधीच लावायची नाही, आधी या बोर्डात. बल्ब अजिबात पेटला नाही, तर वस्तूच्या आत कुठे तरी वाट तुटलेली आहे. बल्ब पूर्ण भगभगला, तर आत शॉर्ट आहे, वस्तूचा रोध शून्य, सगळे २३० व्होल्ट बल्बलाच. आणि ७५० वॅटची धडधाकट इस्त्री लावली, तर बल्बच्या वाट्याला येतात साधारण १८० व्होल्ट, तो स्पष्ट मंद पेटतो. शॉर्ट असला तरी ना फ्यूज उडत, ना धूर निघत, कारण बल्ब ०.८७ अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊच देत नाही. एवढ्याशा साध्या सामानात ओमचा अख्खा नियम बसवलेला आहे. हे काम एलईडी दिव्याला जमत नाही, त्यामुळे हे लोक तारेचे बल्ब अजून जपून ठेवतात.

याच बोर्डावर एक गंमत करता येते. १०० वॅटचा आणि ४० वॅटचा असे दोन जुने बल्ब एकामागोमाग जोडले, तर जास्त प्रकाश कोणाचा? जवळजवळ सगळे शंभरचं नाव घेतात. पेटतो मात्र चाळीसचा, शंभरचा नुसता लालसर होतो. शंभरचा रोध ५२९ ओम, चाळीसचा तेराशेहून जास्त. करंट दोघांतूनही तोच, तेव्हा ज्याचा रोध मोठा त्याच्यावर व्होल्टेज मोठं. २३० पैकी १६० च्या वर चाळीसकडे, उरलेले शंभरकडे. प्रत्यक्षात फरक आणखी वाढतो, कारण थंड राहिलेल्या तारेचा रोध तापलेल्या तारेपेक्षा बराच कमी असतो.

ही केवळ गंमत राहत नाही. तीच गोष्ट एखाद्या रात्री सोसायटीच्या मीटर रूममध्ये घडते आणि अर्ध्या इमारतीचे टीव्ही जळतात.

डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, इमारतीत चार तारा येतात. तीन फेज आणि एक न्यूट्रल. कुठल्याही फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये मोजले तर ४०० च्या आसपास. फ्लॅट तिन्ही फेजवर वाटून दिलेले असतात, परतीला मात्र सगळ्यांचा न्यूट्रल एकच. आता मीटर रूममधला या न्यूट्रलचा जोड सैल होऊन जळाला. फेज शाबूत, परतीची तार तुटलेली. सगळं बंद पडायला हवं, नाही का? पडत नाही. करंट दुसरी वाट शोधतो. एका फेजवरच्या घरातून जातो आणि दुसऱ्या फेजवरच्या घरातून परततो. दोन शेजारी नकळत सिरीजमध्ये जोडले जातात आणि दोघांत मिळून ४०० व्होल्ट वाटले जातात. दोनच फेजचा हिशेब धरू. खालच्या घरात २००० वॅटचा गीझर चालू आहे, साडेसव्वीस ओम. वरच्या घरात टीव्ही आणि दोन दिवे, सगळे मिळून १०० वॅट, म्हणजे ५२९ ओम. ज्याचा रोध मोठा त्याच्यावर व्होल्टेज मोठं, त्यामुळे वरच्या घराला मिळतात ३८० व्होल्ट आणि खालच्याला वीस. काटकसरीने दोनच दिवे लावून बसलेल्याचा टीव्ही जातो, गीझर लावून बसलेल्याचं काहीच बिघडत नाही. यात न्याय शोधू नये.

लक्षण ओळखता येतं. काही घरांत दिवे मिणमिणतात, काहींत भगभगतात, पंखा एकदम जोरात फिरू लागतो. असं दिसताच मेन स्विच बंद करायचा आणि शेजाऱ्यांनाही करायला सांगायचं, ‘व्होल्टेज वर-खाली होतंय’ म्हणत वाट बघायची नाही. जुन्या घरांत फेजलाही किटकॅट फ्यूज आणि न्यूट्रललाही, अशी पद्धत होती. न्यूट्रलचा फ्यूज तेवढा उडाला की दिवा बंद, पंखा बंद, पण होल्डरमध्ये फेज जिवंत. बंद समजून हात घालणाऱ्याला शॉक बसायचा. म्हणून न्यूट्रलला एकटा फ्यूज देत नाहीत, आणि दिव्याचं बटण नेहमी फेजवर असावं लागतं.

आता जमीन. नुसत्या फेजला हात लागला तरी शॉक का बसतो? फेरी पूर्ण व्हायला दुसरी तार कुठे आहे? ती पायांखाली आहे. डीपीपाशी न्यूट्रल मुद्दाम जमिनीत गाडलेल्या पट्टीला जोडलेला असतो, त्यामुळे जमीन ही न्यूट्रलची परतीची आडवाट होते. टेस्टरमधला छोटा निऑन दिवाही याच वाटेवर पेटतो, फेजमधून, टेस्टरमधल्या प्रचंड रोधातून, आपल्या बोटातून, अंगातून जमिनीत. करंट इतका कमी की जाणवत नाही. गावाकडे न्यूट्रल गेला की काही लोक जमिनीत सळई ठोकतात, तिच्याभोवती मिठाचं पाणी ओततात आणि बल्ब पेटवतात. बल्ब पेटतो हे खरं, पण सळईभोवतीची माती जिवंत होते. जवळून दूर जाताना व्होल्टेज उतरत जातं आणि त्यावर चालणाऱ्याच्या दोन पायांमध्ये ते येतं. गुरं आधी मरतात, कारण त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांतलं अंतर माणसाच्या पावलाहून मोठं असतं.

प्लगची तिसरी, जाड आणि लांब पिन अर्थिंगची. लांब यासाठी की लावताना ती आधी जुळावी आणि काढताना शेवटी सुटावी. गीझरच्या आत फेज सुटून पत्र्याला लागला, तर करंटला अर्थच्या तारेतून सोपी वाट मिळते, तो एकदम वाढतो आणि एमसीबी पडते, असं पुस्तक सांगतं. पण हे अर्थिंगच्या खड्ड्याच्या रोधावर अवलंबून आहे. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या, वर्षानुवर्षं पाणी न घातलेल्या खड्ड्याचा रोध ५० ओम झाला असेल, तर वाहतील फक्त ४.६ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला वाटतं कोणी इस्त्री लावली. ती पडत नाही, आणि गीझरचा पत्रा जिवंत राहतो. ओल्या अंगाचा रोध हजार ओमपर्यंत उतरू शकतो. २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर जातील, आणि हृदयाची लय बिघडायला याहून पुष्कळ कमी करंट पुरतो.

इथे आरसीसीबी लागते. तिची युक्ती किर्खोफ यांच्याच नियमावर उभी आहे. आत लोखंडी गाभ्याच्या एका कड्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. गेलेला आणि परतलेला करंट सारखा असेल, तर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना पुसून टाकतात. फरक पडला, म्हणजे काही करंट पत्र्यातून, भिंतीतून किंवा माणसातून भलत्याच वाटेने परत गेला, की कड्यावरच्या तिसऱ्या गुंडाळीत वीज तयार होते आणि खटका पडतो. घरातल्या आरसीसीबीला ३० मिलिअँपिअरचा फरक पुरतो, आणि ती सेकंदाच्या एका लहानशा अंशात पडते. गीझर १३ अँपिअर घेवो की एलईडी ०.०४, तिला किती गेला याच्याशी देणंघेणं नाही, परतला का एवढंच ती बघते.

तिला एक गोष्ट मात्र दिसत नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलेला माणूस. त्याच्यातून गेलेला सगळा करंट शहाण्यासारखा न्यूट्रलमधूनच परततो, हिशेब जुळतो, आणि आरसीसीबी चालूच राहते. म्हणून ती असली तरी बोर्ड उघडण्याआधी मेन बंद करायचाच. शिवाय तिच्या तोंडावर ‘टी’ लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ते दाबलं की थोडासा करंट मुद्दाम त्या कड्याला वळसा घालून सोडला जातो, फरक तयार होतो आणि ती पडायला हवी. अधूनमधून दाबून बघावं. पडली नाही, तर आतला खटका अडकलेला असू शकतो, आरसीसीबी बदलायला हवी. ही चाचणी अर्थिंगची मात्र नव्हे. अर्थिंग तुटलेलं असलं तरी बटण दाबल्यावर आरसीसीबी पडते, त्यामुळे खड्ड्याचा रोध मीटर लावून वेगळा मोजून घ्यावा लागतो, आणि तो मोजायचा भर उन्हाळ्यात, माती सुकलेली असताना.